डीएनएमधला गजर आणि ध्रुपद : जीनोममधील पुनरावर्ती क्रम कसे शोधतात?



परवा माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती, आता अकरावी सायन्सला आहे. म्हणाली, "मॅडम, आमच्या सीड प्लॉटच्या सरकीचा नमुना डीएनए टेस्टला गेलाय म्हणे. डीएनए टेस्ट तर माणसांची करतात ना? सरकीची कशी करणार? आणि त्यात आमचं बी फेल झालं तर?"

प्रश्न साधा वाटला, पण फोनवर सांगण्यासारखा नव्हता. म्हणून हा लेख लिहायला घेतला. लेखाचा विषय आहे जीनोममधील पुनरावर्ती क्रम, म्हणजे डीएनएमध्ये पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, आणि ते शोधण्याच्या पद्धती. नाव अवघड आहे, पण घाबरू नका. वही-पेन्सिल घेऊन बसा. मधे मधे आपण स्वतः करून बघणार आहोत.

आधी आपल्या जालन्याची गोष्ट

"जालना सोने का पालना" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. आजच्या काळात हे सोनं म्हणजे बियाणं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यानंतर जिल्ह्यात बियाण्याचा व्यवसाय खूप वाढला आणि शेकडो शेतकरी सीड प्लॉट घेऊ लागले.

संकरित कपाशीचं बी कसं तयार होतं, हे आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना पुस्तकाआधी शेतातच कळतं. संध्याकाळी मादी ओळीतल्या, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या निवडायच्या. प्रत्येक कळीतले पुंकेसर नखाने अलगद काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून त्याचे परागकण त्या कळीच्या स्त्रीकेसरावर लावायचे. यालाच आपण 'क्रॉसिंग' म्हणतो. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. तो अशाच हाताने केलेल्या संकरातून आला होता.

आता बघा, हजारो कळ्यांमध्ये एखादी कळी हातातून सुटली तर काय होईल? तिच्यात तिचेच परागकण पडतील. बोंड येईल, सरकीही भरेल. दिसायला ती अगदी तशीच असेल, पण ते बी संकरित नसेल. ते फक्त मादी वाणाचं असेल. डोळ्यांनी हा फरक कुणालाच दिसत नाही.

मी चौथीत होते तेव्हा आमच्या अण्णांनी एक प्लॉट घेतला होता. आई, काकू आणि शेजारच्या बाया रोज क्रॉसिंगला असायच्या. सरकी दिली, पावती मिळाली. मग नमुना दुसरीकडे जमिनीत पेरला गेला. झाडं वाढली, फुलं आली, तेव्हा कुठे निकाल लागला : "लॉट फेल." बियाण्याचा भाव मिळाला नाही, साध्या सरकीच्या भावाने हिशेब झाला. तोपर्यंत पुढची पेरणीही होऊन गेली होती. अण्णा एवढंच म्हणाले, "फेल झालं ते झालं, पण हे कळायला इतके दिवस का लागतात?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला खूप वर्षांनी मिळालं, आणि ते पुनरावर्ती डीएनएमध्ये आहे.

उजळणी : चार अक्षरांचं पुस्तक

डीएनए हा दोन धाग्यांचा पीळ असतो. त्यावर चार प्रकारचे रेणू ओळीने बसलेले असतात : अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. सोयीसाठी आपण त्यांना अ, थ, ग, स म्हणू. एका धाग्यावर अ असेल तर समोर थ येतो, आणि ग असेल तर समोर स. ही जोडी पक्की लक्षात ठेवा. पुढे सगळीकडे तिचंच काम आहे.

एखाद्या सजीवाच्या पेशीतला सगळा डीएनए मिळून त्याचा जीनोम होतो. माणसाच्या जीनोममध्ये (एका संचात) सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या आहेत. गंमत अशी, की त्यातला जवळपास निम्मा भाग पुनरावर्ती क्रमांचा आहे. प्रथिने कशी बनवायची हे सांगणारा भाग मात्र दीड-दोन टक्क्यांच्या आसपास आहे. मक्यात तर सुमारे ८५ टक्के जीनोम पुनरावर्ती आहे.

पुनरावृत्तीचे दोन प्रकार

आपल्या गावातलं भजन डोळ्यांसमोर आणा.

१) गजर : टाळकरी "विठ्ठल विठ्ठल विठ्ठल" असं एकामागे एक म्हणतात, मधे दुसरा शब्द नाही. डीएनएमध्येही असे सलग आवर्तनाचे क्रम असतात. उदा. गअथअ गअथअ गअथअ. आवर्तनाचा तुकडा एक ते सहा अक्षरांचा असेल तर त्याला मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएसआर म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, सरकीची गोष्ट याच नावावर येणार आहे.

२) ध्रुपद : प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद पुन्हा येतं, पण मधे वेगळं कडवं असतं. डीएनएमध्येही काही तुकडे जीनोमभर विखुरलेले असतात. माणसात 'अलू' नावाचा सुमारे ३०० अक्षरांचा तुकडा १० लाखांहून जास्त वेळा येतो. असे बरेच तुकडे पूर्वी कधीतरी एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारणारे होते. या उड्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्याच्या रंगीत दाण्यांवरून ओळखल्या. सुरुवातीला फार कुणी लक्ष दिलं नाही. १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

हे शोधायचं कशासाठी?

तीन कारणं सांगते.

पहिलं कारण आजाराचं. हंटिंग्टन नावाच्या मेंदूच्या आजारात एका जनुकातलं 'सअग' हे आवर्तन लांबत जातं. ते ४० किंवा त्याहून जास्त वेळा आलं तर आजार होतो. इथे आवर्तन मोजणं हेच निदान आहे.

दुसरं कारण वाचनाचं. जीनोम एका दमात वाचता येत नाही. तुकडे वाचून ते जोडावे लागतात. भजनाची वही फाडून चिंध्या केल्या आणि तुमच्या हातात आलेल्या चिंधीवर फक्त ध्रुपद असेल, तर ती कोणत्या कडव्यानंतरची, हे कसं सांगाल? पुनरावर्ती भाग आधी ओळखला नाही तर जोडणी चुकते.

तिसरं कारण ओळखीचं. पेशी डीएनएची नक्कल करताना गजराच्या जागी घसरते. टाळकऱ्यांचं होतं तसंच, किती वेळा विठ्ठल म्हटलं याचा हिशेब चुकतो. म्हणून आवर्तनांची संख्या माणसामाणसांत आणि वाणावाणांत वेगळी असते. हा फरक हीच ओळखीची खूण.

आता पद्धतींकडे वळू. जुन्यापासून नव्याकडे जाऊ.

पद्धत १ : वजनाने वेगळं करणे

सीझियम क्लोराइड या क्षाराच्या द्रावणात डीएनए मिसळून नळी खूप वेगाने फिरवली, की डीएनए आपल्या घनतेप्रमाणे एका उंचीवर स्थिर होतो. उंदराच्या डीएनएचा एक मोठा पट्टा दिसला आणि त्याच्या शेजारी एक छोटा पट्टा वेगळा दिसला. मोठ्या पट्ट्याजवळचा छोटा, म्हणून त्याला 'सॅटेलाइट', म्हणजे उपग्रह डीएनए म्हणू लागले. एकच छोटा क्रम लाखो वेळा आल्यामुळे त्या भागात अ-थ जोड्यांचं प्रमाण वेगळं होतं, आणि म्हणून घनताही वेगळी. मर्यादा अशी, की ज्या पुनरावर्ती भागाची घनता बाकीच्यांसारखीच आहे तो या पद्धतीने दिसत नाही.

पद्धत २ : जोडीदार किती लवकर सापडतो?

हा माझा आवडता प्रयोग, कारण तो वर्गात करता येतो.

४० मुलं घ्या. प्रत्येकाला एका चित्राचा अर्धा भाग द्या. १० जोड्यांना एकच चित्र द्या, समजा आंब्याचं. उरलेल्या १० जोड्यांना प्रत्येकी वेगळं चित्र. आता "जोडीदार शोधा" म्हणा आणि घड्याळ लावा. आंबेवाल्यांना जोडीदार लगेच सापडतो, कारण समोरचा कुठलाही योग्य अर्धा आंबा चालतो. मोर मिळालेल्या मुलाला मात्र सगळ्या वर्गात एकच जोडीदार असतो, त्याला वेळ लागतो.

रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोहन यांनी डीएनएबाबत हेच केलं आणि १९६८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. डीएनएचे लहान तुकडे करायचे, तापवून दोन्ही धागे सुटे करायचे, मग थोडं थंड करून ते पुन्हा कधी जुळतात ते मोजायचं. जे लवकर जुळले ते पुनरावर्ती, सगळ्यात शेवटी जुळले ते एकेकटे. हायड्रॉक्सिअ‍ॅपॅटाइट नावाच्या पदार्थावर दुहेरी धागे चिकटून राहतात आणि एकेरी धागे निघून जातात, म्हणून दोन्ही वेगळे करता येतात. उंदराचा सुमारे १० टक्के डीएनए झटकन जुळला.

हे काम आपल्या महाराष्ट्रातही झालं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. प्रभाकर रांजेकर, डॉ. विद्या गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात भरडधान्यांसारख्या पिकांच्या जीनोममध्ये पुनरावर्ती आणि एकेकटे क्रम कसे मांडलेले आहेत, याचा अशा पद्धतींनी अभ्यास केला. नाचणी-बाजरीच्या कुळातल्या पिकांना तेव्हा जगात फार कुणी विचारत नव्हतं, हे लक्षात घ्या.

या पद्धतीची मर्यादा? पुनरावर्ती भाग किती आहे ते कळतं, पण तो नेमका कोणता आणि कुठे आहे ते कळत नाही.

पद्धत ३ : खुणेचा धागा

समजा आपल्याला गअथअ हे आवर्तन शोधायचं आहे. त्याला जुळणारा, समोरच्या अक्षरांचा छोटा धागा बनवायचा आणि त्याला किरणोत्सारी किंवा रंगाची खूण जोडायची. याला प्रोब म्हणतात. मग डीएनए विकरांनी कापायचा, जेलमध्ये विजेच्या साहाय्याने लांबीप्रमाणे पसरवायचा, पातळ पडद्यावर उतरवायचा आणि त्यावर प्रोब सोडायचा. जिथे जोडी जुळेल तिथे पट्टा दिसतो. ही पडद्यावर उतरवण्याची रीत एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये दिली.

याच मार्गाने १९८४ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना माणसागणिक वेगळे पट्टे दिसले आणि डीएनए फिंगरप्रिंटिंगचा जन्म झाला. आपल्याकडे ही गोष्ट सापापासून सुरू झाली! डॉ. लालजी सिंह पट्टेरी मण्यार या सापाच्या लिंग-गुणसूत्राचा अभ्यास करत होते. मादीच्या त्या गुणसूत्रावर पुनरावर्ती डीएनएचा भरणा होता आणि त्यात मुख्य क्रम होता आपलाच गअथअ. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत त्यांनी याच डीएनएपासून बनवलेला प्रोब माणसाची ओळख पटवण्यासाठी वापरला. म्हणजे ज्या हैदराबादला आपली माणसं जालना स्टेशनवरून रात्रीच्या गाडीने जातात, तिथेच भारतीय डीएनए फिंगरप्रिंटिंग उभं राहिलं.

पुण्यात रांजेकर आणि गुप्ता यांच्या गटाने १९९० च्या दशकात अशाच साध्या आवर्तनांचे प्रोब वापरून भाताचे वाण ओळखून दाखवले. साप, माणूस आणि भात, तिघांनाही एकाच पद्धतीने ओळखता येतं! विज्ञानाची गंमत ती हीच.

पद्धत ४ : पीसीआर, म्हणजे सरकीची परीक्षा

आता माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नावर येऊ.

एसएसआरच्या दोन्ही बाजूंचा क्रम साधारणपणे एकेकटा असतो, म्हणजे जीनोममध्ये दुसरीकडे सापडत नाही. त्या दोन्ही बाजूंना जुळणारे दोन छोटे धागे बनवतात, त्यांना प्रायमर म्हणतात. पीसीआर यंत्रात त्या दोन प्रायमरच्या मधल्या तुकड्याच्या नकला होतात. प्रत्येक फेरीत दुप्पट : १ चे २, २ चे ४, ४ चे ८. अशा ३० फेऱ्या पूर्ण झाल्या तर एका तुकड्याचे १०७ कोटींहून जास्त तुकडे होतात. (खरं वाटत नसेल तर २ चा ३० वा घात काढून बघा.) ही पद्धत कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये शोधली.

एक उदाहरण सोडवू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, एका जागी मादी वाणात 'गअ' हे आवर्तन १२ वेळा आहे आणि नर वाणात १८ वेळा. दोन्ही बाजूंचा भाग मिळून १५० अक्षरांचा आहे.

मादीचा तुकडा : १५० + (१२ × २) = १७४ अक्षरे.
नराचा तुकडा : १५० + (१८ × २) = १८६ अक्षरे.

खऱ्या संकरित रोपाला एक गुणसूत्र आईकडून, एक वडिलांकडून मिळतं. म्हणून जेलवर त्याचे दोन पट्टे दिसतात, १७४ आणि १८६. कळी हातातून सुटली असेल तर त्या बियाचा एकच पट्टा दिसेल, १७४ चा. शेजारच्या शेतातल्या दुसऱ्या वाणाचे पराग आले असतील तर १८६ च्या ऐवजी तिसऱ्याच लांबीचा पट्टा दिसू शकतो.

आता १०० रोपं तपासली. ९३ रोपांत दोन्ही पट्टे, ७ मध्ये फक्त १७४ चा. शुद्धता किती? ९३ टक्के. आपल्या देशात प्रमाणित संकरित कापूस बियाण्यासाठी किमान आनुवंशिक शुद्धता ९० टक्के ठरलेली आहे. म्हणजे हा लॉट पास.

अण्णांच्या वेळी यासाठी रोपं शेतात वाढवून, पान-फूल-बोंड बघून मोजावी लागत. त्याला ग्रो-आउट टेस्ट, आपल्या भाषेत जीओटी म्हणतात. तिला एक हंगाम लागतो. एसएसआर चाचणीला कोवळ्या रोपाचं छोटं पान पुरतं आणि उत्तर काही दिवसांत मिळतं.

मग जीओटी मोडीत काढायची का? नाही. एसएसआर चाचणी आपण निवडलेल्या जागाच बघते. त्या जागी नर आणि मादी यांची लांबी सारखीच असेल तर चाचणी काहीच सांगू शकत नाही. म्हणून दोघांत फरक असलेल्या जागा आधी शोधाव्या लागतात, आणि एका जागेवर विसंबून चालत नाही. शेतातली चाचणी पूर्ण झाड बघते. दोन्हींचं काम वेगळं आहे.

पण मुळात प्रश्न असा, की कपाशीच्या एवढ्या मोठ्या जीनोममध्ये ही आवर्तनं कुठे आहेत, हे कसं शोधलं? सुरुवातीला प्रोब लावून, एकेक तुकडा वाचून. आता हे काम संगणक करतो.

पद्धत ५ : संगणक काय करतो?

संगणकाकडे जादू नसते. तो करतो ते आपण वहीवर करू. हा १७ अक्षरांचा क्रम लिहा :

स थ ग अ थ अ ग अ थ अ ग अ थ अ स स ग

(क) शब्द मोजणे. चार अक्षरांची खिडकी पहिल्या अक्षरापासून एकेक घर पुढे सरकवा आणि दिसणारा शब्द लिहा. पहिला सथगअ, दुसरा थगअथ, तिसरा गअथअ... असे एकूण १४ शब्द मिळतील. आता मोजा :

गअथअ – ३ वेळा
अथअग – २ वेळा
थअगअ – २ वेळा
अगअथ – २ वेळा
बाकीचे पाच शब्द – प्रत्येकी १ वेळा

३ + ६ + ५ = १४. जुळलं! आता वरचे चार शब्द नीट बघा. चारही एकाच शब्दाची फिरवाफिरव आहेत. पहिलं अक्षर उचलून शेवटी नेलं की पुढचा शब्द मिळतो. म्हणजे हा सलग गजर आहे, हे नुसत्या मोजणीतून कळलं.

खऱ्या जीनोमला मात्र चार अक्षरांचा शब्द पुरत नाही. चार अक्षरांचे एकूण शब्दच २५६ होतात, म्हणून ३०० कोटी अक्षरांत ते योगायोगानेही असंख्य वेळा येणार. १६ अक्षरांचे शब्द घेतले तर ४ चा १६ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे शब्द होतात. मग एखादा शब्द हजार वेळा दिसला तर तो योगायोग नाही, खरी पुनरावृत्ती आहे.

(ख) ठिपक्यांचा तक्ता. आलेखाच्या कागदावर हाच क्रम आडवा लिहा आणि तोच उभाही लिहा. जिथे आडवं आणि उभं अक्षर सारखं, तिथे ठिपका. मधोमध एक लांब तिरकी रेघ येईल, कारण प्रत्येक अक्षर स्वतःशी जुळतं. आता सुटे ठिपके सोडून द्या आणि सलग चार किंवा जास्त ठिपक्यांच्या तिरक्या रेघा शोधा. मुख्य रेघेच्या एका बाजूला, चार घरं सोडून ८ ठिपक्यांची रेघ आणि आठ घरं सोडून ४ ठिपक्यांची रेघ दिसेल. दुसऱ्या बाजूलाही तेच, आरशासारखं. रेघ किती घरं सोडून आहे, तेवढी आवर्तनाची लांबी. म्हणजे चार.

(ग) यादीशी ताडून पाहणे. आधी सापडलेल्या पुनरावर्ती तुकड्यांची यादी असते. नवीन जीनोम त्या यादीशी जुळवायचा आणि जुळलेला भाग झाकून टाकायचा. रिपीटमास्कर नावाची प्रसिद्ध आज्ञावली हेच करते. हजेरीपट घेऊन मुलं ओळखावीत, तसं. अडचण ही, की ज्याचं नाव पटावरच नाही ते मूल सुटतं. नव्या पिकातला नवा तुकडा या पद्धतीला दिसत नाही. म्हणून त्या पिकाचा जीनोम स्वतःशीच ताडून आधी नवी यादी तयार करावी लागते.

(घ) न जुळणारी आवर्तनं. जुन्या तुकड्यांत बदल होतात. गअथअ गअथअ गअसअ गअथअ यात तिसरा शब्द चुकला आहे. नेमकी जुळणीच मागितली तर हा गजर मधेच तुटेल. म्हणून काही चुका चालतील अशी सूट द्यावी लागते. गॅरी बेन्सन यांनी १९९९ मध्ये मांडलेली टँडम रिपीट्स फाइंडर ही आज्ञावली अशी सूट देऊन सलग आवर्तनं शोधते. सूट कमी दिली तर खरी आवर्तनं सुटतात, जास्त दिली तर नसलेली दिसायला लागतात. पेपर तपासताना आम्हा शिक्षकांचं होतं तेच!

पद्धत ६ : लांब वाचन

२००१ मध्ये मानवी जीनोमचा आराखडा आला, २००३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. तरी सुमारे ८ टक्के भाग वाचायचा राहिलाच होता. तो मुख्यतः पुनरावर्ती होता, गुणसूत्राच्या मध्यभागातला गजर. शे-दोनशे अक्षरांच्या चिंध्यांनी तो जुळत नव्हता. हजारो अक्षरं एका दमात वाचणारी यंत्रं आल्यावर, २०२२ मध्ये तो पूर्ण झाला. चिंधीऐवजी वहीचं अख्खं पान हातात आल्यावर ध्रुपदाच्या मागचं-पुढचं कडवंही दिसलं, एवढी ही साधी गोष्ट.

थोडक्यात

• घनता आणि जुळण्याचा वेग यांवरून पुनरावर्ती भाग आहे आणि किती आहे, हे कळतं.
• प्रोबवरून ओळखीचा क्रम शोधता येतो.
• पीसीआरवरून ठरावीक जागचं आवर्तन मोजता येतं.
• संगणकावरून संपूर्ण जीनोममधली आवर्तनं सापडतात.
• लांब वाचनामुळे लांबलचक पुनरावर्ती भागही जोडता येतात.

स्वाध्याय

१) 'अग' हे आवर्तन मादीत २० वेळा व नरात १५ वेळा आहे. बाजूचा भाग १२० अक्षरांचा आहे. संकरित रोपात कोणत्या लांबीचे पट्टे दिसतील?
२) ८० रोपांपैकी ६ रोपांत फक्त मादीचा पट्टा दिसला, बाकीच्यांत दोन्ही. शुद्धता किती टक्के? लॉट पास की फेल?
३) नर आणि मादी दोघांतही आवर्तन १४ वेळाच असेल तर ही जागा शुद्धता तपासायला चालेल का? कारण लिहा.
४) उपक्रम : अर्ध्या चित्रांचा खेळ वर्गात घ्या. आंबेवाल्या सर्व जोड्या आणि वेगळ्या चित्रांच्या सर्व जोड्या जुळायला किती वेळ लागला, ते फळ्यावर लिहा.

जाता जाता

माझ्या विद्यार्थिनीला मी शेवटी एवढंच सांगितलं : बाळा, टेस्टला घाबरू नकोस. टेस्ट कुणाच्या बाजूची नसते. बी कसं आहे ते ती सांगते. कळी का सुटली, हे ती सांगत नाही. बाई आजारी होती, पाऊस आला, की मजूरच मिळाले नाहीत, हे जेलच्या पट्ट्यांवर लिहिलेलं नसतं. ते आपण विचारायचं. आणि निकाल आला की पास-फेल एवढंच ऐकून परत येऊ नका. किती रोपं तपासली, किती जागा बघितल्या, किती रोपांत एकच पट्टा आला, हे आकडे मागा. आता तुला ते वाचता येतात.

क्रॉसिंगच्या दिवसांत माझ्या वर्गातल्या काही जागा रिकाम्या असतात, हेही पालकांना इथे सांगून ठेवते. लहान बोटं नाजूक असतात हे खरं, पण त्या बोटांचं काम पाटीवर आहे. आज जी मुलं वर्गात बसतील, तीच उद्या हे पट्टे वाचतील.

परवा अण्णांना हा लेख वाचून दाखवला. ९३ चा हिशेब त्यांनी दोनदा करायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या लॉटला नेमके किती कमी पडले, ते आपण विचारलंच नव्हतं."

लेख उपयोगी वाटला तर विद्यार्थ्यांपर्यंत नक्की पोहोचवा. स्वाध्याय सोडवून बघा, उत्तरं पुढच्या लेखात देईन.